बिल छापलं की नुसतं पाठवलं? प्रिंटरच्या पोचपावतीबद्दल

गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात मासळी विकणारी बाय आता गिऱ्हाइकाच्या मोबाइलकडे बघत नाही. पडद्यावर 'पैसे गेले' असं दिसत असलं तरी ती थांबते. टोपलीशेजारी ठेवलेल्या, पैसे जमा झाले की बोलून सांगणाऱ्या डब्यातून आकडा ऐकू आला की मगच पिशवी पुढे करते. पाठवणाऱ्याचं 'पाठवले' वेगळं आणि घेणाऱ्याचं 'मिळाले' वेगळं, हे तिला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

त्याच बाजारापासून चार पावलांवर माझ्या मामांचं किराणा दुकान आहे. तिथला बिलाचा संगणक मात्र वर्षानुवर्षं फक्त 'पाठवले' एवढंच सांगत आला आणि आम्ही सगळे त्याचा अर्थ 'छापले' असा घेत राहिलो. गणेशचवथीच्या आदल्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि नेमका तेव्हाच प्रिंटरमधला कागद संपला. पडद्यावर हिरवी खूण, 'बिल छापले'. कागद काही बाहेर येईना. मामेभावाने घाईत तेच बिल पुन्हा केलं, मग आणखी एकदा. नवा रोल घातल्याबरोबर प्रिंटरने एकामागून एक चार बिलं बाहेर टाकली. त्यातली तीन एकाच गिऱ्हाइकाची, नंबर मात्र तिन्हींचे वेगळे. जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिलांचे नंबर क्रमाने आणि आर्थिक वर्षात एकदाच यावे लागतात, त्यामुळे जास्तीची दोन बिलं रद्द दाखवणं, साठा परत जमा करणं, गल्ल्याशी ताळा घालणं हे सगळं करता करता रात्रीचे साडेअकरा वाजले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा दुकानादुकानांतल्या बिलाच्या प्रोग्रॅमला हात लावावा लागला. नवा प्रोग्रॅम घेतलेल्या ओळखीच्या दुकानदारांनी मला एकच प्रश्न विचारला: एवढं सगळं नवीन आलं, मग कागद संपलाय हे याला अजून का कळत नाही? मी प्रोग्रॅम लिहून पोट भरतो, तेव्हा उत्तर देणं माझं कामच आहे.

कळू शकतं. प्रिंटर सांगायला तयार असतो. विचारणारा नसतो, एवढंच.

## पेटीत टाकलेलं पत्र

बिलाचं बटण दाबलं की मजकूर थेट कागदावर जात नाही. प्रोग्रॅम तो आधी विंडोजच्या स्पूलरकडे देतो. स्पूलर म्हणजे छपाईची कामं रांगेत लावून एकेक पुढे सरकवणारा विंडोजचा कारकून. तो मजकूर केबलमधून प्रिंटरकडे ढकलतो. प्रिंटरमध्येही छोटा साठवणीचा कप्पा असतो, त्याला बफर म्हणतात. त्यात मजकूर जमतो आणि मग हेडखालून, म्हणजे उष्णतेने ठिपके उमटवणाऱ्या पट्टीखालून, कागद ओळीओळीने पुढे जातो.

आपल्या प्रोग्रॅमने 'छापले' म्हटलं तेव्हा पत्र पोस्टाच्या पेटीत पडलेलं असतं, इतकंच. पत्ता बरोबर होता का, पोस्टमन गेला का, घराला कुलूप होतं का, यातलं काही पेटीला माहीत नसतं. त्यासाठी पोचपावती मागावी लागते. प्रिंटरच्या बाबतीत तिला दुतर्फा संवाद म्हणतात: मजकूर जाण्याची एक वाट आणि उत्तर येण्याची दुसरी.

ही दुसरी वाट प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा बसवलेलीच असते. यूएसबीच्या मानकात प्रिंटरने स्वतःची ओळख देताना आपण एकतर्फी की दुतर्फी हे संगणकाला सांगायचं असतं. दुतर्फी असेल तर केबल एकच, पण आत दोन नळ्या: एक आत येणारी, एक बाहेर जाणारी. कागद आहे का, झाकण उघडं आहे का, कटर अडकला का, हेड फार तापलं का, हे सगळं बघणारे सेन्सर प्रिंटरच्या पोटात असतात. कागद संपल्यावर लाल दिवा लागतो तो त्यांच्यामुळेच. म्हणजे माहिती आहे, वाटही आहे.

## पलीकडच्या काठावर थांबलेला उतारू

मग प्रिंटर स्वतःहून का सांगत नाही? इथे यूएसबीचा एक नियम आडवा येतो. १९९६ साली पहिलं मानक आलं तेव्हापासून बोलणं सुरू करायचा मान संगणकाचा. जोडलेलं यंत्र आपणहून तोंड उघडत नाही, संगणकाने 'काही सांगायचंय का' असं विचारल्यावरच बोलतं.

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणा, आणि धरून चला की बोट एकच आहे आणि ती रायबंदरच्या काठाची. चोडणच्या धक्क्यावर माणूस कितीही घाईत उभा असला तरी बोट तिकडे गेल्याशिवाय तो इकडे येऊ शकत नाही. बोट गेली आणि धक्क्यावर कुणी नसलं तर ती रिकामी परतते, त्यात काही बिघडत नाही. पण बोट सोडलीच नाही, तर पलीकडे कितीजण ताटकळत आहेत हे इकडे कळणारच नाही.

बहुतेक बिलांचे प्रोग्रॅम ही बोट सोडतच नाहीत. मजकूर पाठवतात आणि विषय संपवतात. याहून फसवा प्रकार मी पाहिला आहे: प्रोग्रॅमने प्रश्न विचारला, पण उत्तर वाचलं नाही. उत्तर तिकडेच थांबून राहिलं. नंतर कधीतरी प्रोग्रॅमने दुसरा प्रश्न विचारून वाचायला घेतलं, तर हाती पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं. मघाचं 'कागद आहे' हे आत्ताच्या 'कागद आहे का' याचं उत्तर समजलं गेलं. म्हणून नवा प्रश्न विचारण्याआधी धक्क्यावर जुनं काही शिल्लक असेल तर ते आधी आणून टाकून द्यावं लागतं.

## आठ दिव्यांची माळ

पावतीच्या प्रिंटरांची सर्रास चालणारी भाषा म्हणजे ईएससी/पीओएस. ती एपसन कंपनीने बनवली, आणि इतर कितीतरी कंपन्यांचे प्रिंटरही तीच बोलतात. त्या भाषेत तब्येत विचारायची आज्ञा फक्त तीन आकड्यांची आहे: १६, ४ आणि तिसरा आकडा आपण काय विचारतो त्याप्रमाणे. १ म्हणजे एकंदर कसं काय, २ म्हणजे छपाई का थांबली, ३ म्हणजे बिघाड कोणता, ४ म्हणजे कागदाचं काय.

उत्तर म्हणून एकच आकडा येतो. तो वाचायचा कसा? आठ छोट्या दिव्यांची माळ आहे असं समजा. दिव्यांच्या किमती १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. जे दिवे पेटलेले असतील त्यांची बेरीज म्हणजे तो आकडा.

मामांच्या दुकानात मी लॅपटॉप जोडून कागदाबद्दल विचारलं तेव्हा १८ आलं. म्हणजे १६ आणि २ हे दोनच दिवे पेटलेले. हे दोन या उत्तरात नेहमीच पेटलेले असतात. ते बातमी देत नाहीत, ती सही आहे: हे खरोखर त्या प्रश्नाचं उत्तर आहे, केबलमधला कचरा नव्हे. बाकीचे विझलेले, म्हणजे कागद भरपूर. मग मी रोल काढून अगदी बारीक उरलेला रोल ठेवला. उत्तर ३० आलं. ४ आणि ८ हे दोन नवे दिवे लागले होते: कागद संपत आलाय. रोलच्या कडेला एक चिमुकला खटका टेकलेला असतो, रोल बारीक झाला की तो सैल पडतो आणि ही बातमी देतो. शेवटी तोही रोल काढून घेतला. आता १२६. ३२ आणि ६४ हेही पेटले: कागद नाही. मामेभाऊ शेजारी उभा राहून बघत होता. "म्हणजे याला आधीपासून माहीत होतं?" एवढंच तो म्हणाला.

३० हा आकडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. कागद संपल्यावर तर माणसालाही दिसतं, पण चवथीच्या गर्दीत पंधरा बिलं आधी 'रोल बदला' असं पडद्यावर आलं असतं तर ती रात्र वाचली असती. सगळ्या प्रिंटरांना हा खटका नसतो. घेताना विचारून घ्यावा. असेल तर तो पुढेमागे सरकवून आपल्या रोलप्रमाणे लावावाही लागतो, कारण रोलच्या आतल्या नळीची जाडी सारखी नसते.

## रांगेतला प्रश्न आणि खिडकीतला प्रश्न

इथे जरा सावकाश जायला हवं, कारण प्रोग्रॅम लिहिणारेही इथेच घसरतात.

प्रिंटरला विचारायच्या दोन तऱ्हा आहेत. एक वर सांगितलेली, १६ आणि ४ ने सुरू होणारी. ही दवाखान्यात बाजूच्या खिडकीतून कंपाउंडरला विचारण्यासारखी आहे. आत रांग कितीही असो, उत्तर लगेच मिळतं. दुसरी आज्ञा मात्र रांगेत उभी राहते. तिच्याआधी आलेला सगळा मजकूर प्रिंटरने हाताळल्यावरच तिचा नंबर लागतो.

दुसरी कमी दर्जाची वाटेल, पण पोचपावतीसाठी तीच हवी. शिगम्याच्या मिरवणुकीत सगळ्यांत मागे चालणारा माणूस चौकात दिसला की त्याच्या आधीचे सगळे पुढे गेले हे मोजायची गरज उरत नाही. तसाच हा रांगेतला प्रश्न बिलाच्या अगदी शेवटी, कागद कापायच्या आज्ञेनंतर लावायचा. उत्तर आलं की आधीचं बिल प्रिंटरने पार पाडलं. काही प्रिंटरांत याहून पक्की सोय आहे: बिलाच्या शेवटी चार अक्षरांची खूण पाठवायची, आणि तिथपर्यंतचं काम झालं की प्रिंटर तीच खूण परत पाठवतो. कुठल्या बिलाची पोचपावती हेही त्यात कळतं.

उत्तर आलं नाही तर मिरवणूक वाटेत कुठेतरी अडली. मग खिडकीतून विचारायचं: का अडली? '२' क्रमांकाच्या प्रश्नाला २२ आलं तर नेहमीच्या १८ मध्ये ४ चा दिवा वाढला, म्हणजे झाकण उघडं. दोन्ही प्रश्न जोडीने वापरले तरच चित्र पुरं होतं.

तिसरीही एक सोय आहे, स्वयंचलित खबर. सुरुवातीलाच प्रिंटरला सांगून ठेवायचं की तुझ्यात काही बदललं की कळव. मग झाकण उघडलं, कागद संपला, की तो चार बाइटचा निरोप तयार ठेवतो. बाइट म्हणजे वरची ती आठ दिव्यांची एक माळ. अर्थात बोट आपल्यालाच पाठवत राहावी लागते, यूएसबीचा नियम इथेही सुटत नाही.

## मराठी बिल आणि चित्रातला चकवा

गोव्यात काही दुकानदारांना बिलावर मराठी किंवा कोंकणी हवं असतं, आणि ते हवंच. पण या प्रिंटरांच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे साचे असतात, जोडाक्षरं आणि मात्रा जुळवणारी देवनागरी सहसा नसते. म्हणून बिल चित्र म्हणून पाठवावं लागतं.

याचा भार किती ते बघा. ८० मिलीमीटरच्या कागदावर छपाईची रुंदी साधारण ७२ मिलीमीटर, दर मिलीमीटरला ८ ठिपके, म्हणजे एका आडव्या रेषेत ५७६ ठिपके, म्हणजे ७२ बाइट. १० सेंटीमीटर लांब बिलात अशा ८०० रेषा. गुणाकार ५७,६०० बाइट. तेवढ्याच लांबीचं इंग्रजी बिल ४८ अक्षरांच्या २४ ओळी धरल्या तर १,१५२ बाइटमध्ये संपतं. प्रिंटरचा बफर पुष्कळदा ४ किलोबाइट, म्हणजे चारेक हजार बाइट, वगैरे असतो. इंग्रजी बिल त्यात सबंध मावतं, मराठी बिलाचा मोठा भाग संगणकाकडेच अडून राहतो. वाटेत कागद संपला आणि बफर काठोकाठ भरलेला असला, तर खिडकीतला प्रश्नही आत शिरायला जागा न मिळण्याची भीती असते. म्हणून चित्राचं बिल पाठवण्याआधी एकदा विचारून घ्यावं.

दुसरा चकवा मला दोन दिवस छळून गेला. चित्रातले ठिपके म्हणजे शेवटी आकडेच. त्यांत योगायोगाने १६, ४, १ असे लागोपाठ आले तर प्रिंटर ते तब्येतीचा प्रश्न समजून उत्तर देऊन मोकळा होतो. आपण काही विचारलेलंच नसतं आणि धक्क्यावर एक उतारू हजर. एका दुकानाच्या नावातल्या वेलांटीच्या वळणावर नेमकं हे घडत होतं. प्रोग्रॅमने अनपेक्षित उत्तरं ओळखून सोडून द्यायला शिकलं पाहिजे, आणि मराठी छापणाऱ्याने तर नक्कीच.

## 'पण विंडोजमध्ये दुतर्फा संवादाची खूण केलेली आहे'

प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्टच्या पानावर तशी चौकट असते खरी. ती म्हणते इतकंच की ड्रायव्हरला, म्हणजे विंडोज आणि प्रिंटर यांच्यातल्या दुभाषी प्रोग्रॅमला, येत असेल तर दुतर्फा बोलू दे. नुसता मजकूर ढकलणारा साधा ड्रायव्हर असेल तर खूण करून फरक पडत नाही.

खरी सोय तीन मार्गांनी होते: प्रिंटर बनवणाऱ्याचा स्वतःचा ड्रायव्हर आणि त्याची जोडणीची साधनं वापरणं, प्रिंटरला आभासी कॉम पोर्टच्या रूपात (यूएसबीवरच, पण जुन्या पद्धतीच्या सिरीयल जोडणीचं सोंग घेऊन) चालवणं, किंवा प्रोग्रॅमने स्पूलरला बाजूला ठेवून यूएसबीशी थेट बोलणं. लिनक्सवर प्रिंटर फाइलसारखा उघडून लिहिता आणि वाचता येतो, तिथे हे सोपं आहे. थेट बोलताना प्रिंटरचा मालक एका वेळी एकच असतो, हे लक्षात ठेवा. स्पूलरही त्याच प्रिंटरला धरून बसला असेल तर दोघांची ओढाताण होते.

## 'स्वस्तातला प्रिंटर उत्तर देईल का?'

काही देतात, काही ताकास तूर लागू देत नाहीत. तिसरा प्रकार सगळ्यांत घातक: काहीही विचारा, १८. कागद नाही तरी १८, झाकण उघडं तरी १८. पाकिटावर ईएससी/पीओएस चालतं असं लिहिलेलं असतं, पण ते छपाईपुरतं.

दुकानात उभं राहूनच तपासावं. विकणाऱ्याला सांगा, झाकण उघडं ठेवून बिल पाठव आणि पडद्यावर काय येतं ते दाखव. काहीच आलं नाही तर दोष प्रिंटरचा की प्रोग्रॅमचा हे त्यालाच शोधू द्या. पैसे देण्याआधी हे त्याचं काम असतं, नंतर आपलं होतं.

## पावसात वीज जाते तेव्हा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज कितीदा डोळे मिचकावते हे सांगायला नको. संगणक यूपीएसवर तग धरतो, प्रिंटर बहुधा नाही. वीज परतल्यावर प्रिंटर कोऱ्या पाटीने उठतो. स्वयंचलित खबर द्यायला सांगितलं होतं तेही विसरलेला असतो. प्रोग्रॅमने ती सूचना पुन्हा दिली नाही तर खबर येणं बंद, आणि खबर नाही म्हणजे सगळं ठीक असा समज. गप्प बसलेला प्रिंटर आणि खुशाल असलेला प्रिंटर यांत फरक करायचा तर अधूनमधून खिडकीतून हाक मारत राहावं लागतं.

याच संदर्भात एक नेहमीची तक्रार: केबल काढून दुसऱ्या भोकात लावली की विंडोजमध्ये त्याच प्रिंटरची 'कॉपी १' नावाची दुसरी नोंद उगवते. प्रिंटरने यूएसबीवर स्वतःचा अनुक्रमांक सांगितला नसेल तर विंडोज त्याला भोकावरून ओळखतं. नवं भोक, नवा प्रिंटर. जुन्या नोंदीकडे गेलेली बिलं मग तिथेच पडून राहतात. केबल ज्या भोकात आहे तिथे रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा, एवढ्याने भागतं.

## तिसरं उत्तर

प्रिंटरने 'झालं' म्हटलं तर झालं. 'कागद नाही' म्हटलं तर नाही झालं. काहीच बोलला नाही तर? यूपीआयने हे आपल्याला शिकवलं आहे: यशस्वी, अयशस्वी आणि मधलं ते 'प्रक्रिया सुरू'. त्या मधल्या अवस्थेत शहाणा माणूस लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवत नाही.

बिलाच्या प्रोग्रॅममध्येही तिसरं उत्तर हवं. ठरावीक वेळ थांबायचं, पोचपावती आली नाही तर पडद्यावर सरळ लिहायचं: 'बिल छापलं का ते माहीत नाही. कागद बघा.' आणि पुन्हा छापायचं तर नंबर तोच, वर 'दुसरी प्रत' असा शब्द. नवा नंबर कधीच नाही. मामांच्या दुकानातला सगळा घोळ या एका गोष्टीने टळला असता, प्रिंटर मुका असता तरीसुद्धा.

## प्रिंटरला जे कळतच नाही

पोचपावतीलाही मर्यादा आहे. थर्मल कागदाच्या एकाच बाजूला उष्णतेने काळं होणारा लेप असतो. रोल उलटा घातला तर कागद सरकतो, कापला जातो, प्रिंटर मनापासून 'झालं' म्हणतो आणि बाहेर येतो तो कोरा कागद. कागद आहे की नाही हे सेन्सरला कळतं, त्यावर काय उमटलं हे नाही. हेडमधला एखादा ठिपका जळून बिलावर उभी पांढरी रेघ येऊ लागली तरीही तेच. तिथे डोळेच लागतात.

मामांच्या संगणकावर मी आता मधे एक छोटा प्रोग्रॅम बसवला आहे. रोल संपत आला की बिलाच्या वर पिवळी पट्टी येते. हिरवी खूण मिरवणुकीतला शेवटचा माणूस पोचल्याशिवाय लागत नाही, त्यामुळे ती पूर्वीपेक्षा किंचित उशिरा येते. पहिल्या दिवशी मामांना वाटलं की संगणक मंदावला. मी त्यांना झाकण उघडून दाखवलं. पट्टी लाल झाली, झाकण लावल्यावर गेली. त्यांनी ते स्वतः दोनदा करून बघितलं आणि मग पुढच्या गिऱ्हाइकाचे पोहे तोलायला घेतले.